भाऊसाहेबांची रंगूनवाली पक्षकार

वकील कोर्टात जे बोलतो ते कायद्याच्या पुस्तकात कुठं तरी असतं. त्याचा कारकून बाहेरच्या व्हरांड्यात जे बोलतो ते कुठल्याच पुस्तकात नसतं, आणि पक्षकार ऐकतो ते कारकुनाचंच. पालघरला पस्तीस वर्षं मी हे व्हरांड्यातलं काम केलं. शेजारच्या माहीम गावाहून सायकल मारत यायचं, वकीलसाहेबांच्या कचेरीचं दार उघडायचं, आणि दिवसभर असं तोंड करून बसायचं की आत बसलेल्यापेक्षा आपल्यालाच जास्त कळतं असं लोकांना वाटावं. बऱ्याच जणांना तसं वाटायचंही. त्यात मीही होतो.

काम सांगायला सोपं आहे. वकालतनामा म्हणजे ‘हा माझा वकील, हा बोलेल ते माझं बोलणं’ असं पक्षकारानं लिहून दिलेला कागद. तो भरायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा, तारखा वहीत उतरवायच्या, साक्षीदार नेमका तारखेलाच गावाला जाणार नाही हे पाहायचं, आणि साहेब शोधताहेत तो चष्मा त्यांच्याच कपाळावर आहे हे पक्षकाराला कळू न देता त्यांना सुचवायचं.

माझे साहेब म्हणजे भाऊसाहेब. पन्नाशीचे, स्थूल, तपकिरीचं व्यसन असलेले. हल्ली गरिबाला सरकारी खर्चानं वकील मिळायची सोय आहे. साठ-सत्तर सालच्या मधल्या त्या काळात आमच्याकडे अशी सोय म्हणजे भाऊसाहेबांचा स्वभाव. तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम ऐन भरात होतं. बोईसर स्टेशनावर इतक्या मुलखांची माणसं उतरत होती की हमालसुद्धा खुणांनी बोलायला लागले होते. त्यांतली कोणी मुकादमानं मारलेली, कोणी घरमालकानं बाहेर काढलेली, अशी माणसं विचारत विचारत आमच्या दारात यायची. भाऊसाहेब त्यांचं सगळं ऐकून घ्यायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि म्हणायचे, “नाही. हे फुकटचे खटले आता बंद. नाही म्हणजे नाही.” मग मी वकालतनामा काढायचो. त्यांच्या त्या ‘नाही’चा तोच अर्थ होता.

एका गुरुवारी दुपारी मी डबा उघडला आणि दारात एक बाई उभी राहिली. ठेंगणी, गोरी, नेसू म्हणजे लुंगीसारखं काही तरी, वर पुरुषी सदरा. तोडक्यामोडक्या हिंदीत ती म्हणाली, “वकील. कागज. आदमी.” मला वाटलं, नेपाळकडची असेल, पत्ता चुकली. भाऊसाहेब कोर्टात होते, पुढ्यात भाकरी होती. मी बोटांवर मोजून दाखवलं, “शुक्र, शनि, रवि... सोमवारी या.” ती आल्या पावली परत गेली.

शनिवारी एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं साखरेसारखं. रत्नागिरीकडचे, नाव दत्ताराम, बांधकामावर फिटर. म्हणाले, “कारकूनसाहेब, आमची मंडळी इकडं आली होती का हो? जरा भोळसट आहे. रस्ता चुकते.” कोणी मला ‘साहेब’ म्हटलं की माझी जीभ सैल व्हायची. मी म्हटलं, “परवाच आल्या होत्या. सोमवारी बोलावलंय.” ते हात जोडून, आभार मानून गेले.

सोमवारी ती आली तेव्हा तिच्या डाव्या हाताला हळद लावून फडकं गुंडाळलेलं होतं. तळहातावर तापल्या सांडशीचा डाग होता. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती, आणि नवऱ्याला कोणी सांगितलं हे तिला ठाऊक होतं.

भाऊसाहेब मला आजवर रागावले नव्हते. त्या दिवशीही आवाज चढला नाही. ते म्हणाले, “गजानन, दारावरच्या माणसानं दोनच गोष्टी करायच्या असतात. आलेल्याला आत घ्यायचं, आणि तो आला होता हे कोणालाही सांगायचं नाही.” पुढं तपकीर ओढायलाही ते विसरले. या धंद्यात मी बऱ्याच चुका केल्या; तारखा चुकवल्या, एकदा तर आमचा अर्ज विरुद्ध बाजूच्या फायलीत लावला. त्या सगळ्या निस्तरल्या. ही निस्तरता येण्यासारखी नव्हती.

आता ती काय बोलते हेच कोणाला कळेना. कागदाच्या कपट्यावर तिनं गोल गोल अक्षरं काढली, जणू एखाद्यानं जिलब्या ओळीनं मांडाव्यात. शेवटी ‘रंगून’ हा एक शब्द आम्हाला कळला, आणि माझ्या डोक्यात दांडी गावचा तांडेल आला.

हा तांडेल आमचा जुना पक्षकार. वय साठीपुढं. तरुणपणी बोटीवर खलाशी होता आणि रंगूनच्या धक्क्यावर वर्षानुवर्षं गेला होता, असं तो स्वतः सांगायचा. दांडीत त्याच्या रंगूनच्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा एकही माणूस नव्हता. त्यात त्याची बायको जमनाबाई पहिली. मी दुपारच्या गाडीनं बोईसर, तिथून मिळेल त्या वाहनानं दांडी गाठली. भाऊसाहेबांनी बाईला आपल्या घरी, पत्नीच्या हवाली केलं.

“तांडेल, खरं सांगा, बर्मी येते का?”

“मना इचारता? अरे, रंगूनचे धक्क्यावर माझ्यासारखा बोलनारा नव्हता.”

जमनाबाई जाळ्याला गाठ मारता मारता म्हणाल्या, “घेऊन जाच याला. आज तरी कळंल, खरा हाय का खोटा.”

दुसऱ्या दिवशी तांडेल खलाशाची जुनी टोपी घालून कचेरीत हजर झाला. बाईसमोर उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, “नेकौंला?”

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. मग दोन्ही हात तोंडावर धरून अशी रडली की आत टाइप करणारे भाऊसाहेब बाहेर आले. तांडेल घाबरून मागं सरकला. “आईशपथ भाऊसायेब, वंगाळ काय नाय बोललो! बरी हाय का, येवढाच इचारला!”

तीन वर्षांत नवऱ्याखेरीज तिच्या भाषेत तिला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि हे तर कोणीच विचारलं नव्हतं.

मग हकीकत निघाली. तिचं नाव मा खिन. बोईसरच्या पत्र्याच्या चाळीत सगळे तिला ‘मालकीण’ म्हणायचे, कारण दत्तारामानं नाव सांगितलं तेव्हा त्यांना तसंच ऐकू आलं होतं. आणि त्या मालकिणीच्या हातात घराची किल्लीही नव्हती. रंगूनला ती चिरूट वळायची. लाकडाच्या गिरणीत दत्ताराम मिस्त्री होता. भावाच्या मनाविरुद्ध तिनं त्याच्याशी लग्न केलं. पुढं तिथल्या आपल्या लोकांचे कामधंदे गेले, माणसं बोटींनी परत येऊ लागली, तशी हीही त्याच्याबरोबर आली. इथं आल्यावर त्याचा हात उठू लागला. आता त्यानं गावाकडं दुसरी मुलगी पाहून ठेवली होती आणि ही त्याला नकोशी झाली होती. तिचे कागद त्यानं पेटीत कुलूप लावून ठेवले होते. तिनं तोंड उघडलं की तो म्हणायचा, “तू परदेशी. पोलिसांत गेलीस तर तुलाच आत टाकतील आणि बोटीत घालून परत पाठवतील. तिकडं तुझं कोण आहे?”

भाऊसाहेबांनी सगळं ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि “नाही” म्हणाले. मी वकालतनामा काढला.

तिनं राहायचं कुठं, हा प्रश्न तांडेलनं परस्पर मिटवला. “आमचे घरा ऱ्हाईल. माझी लेक सासरी गेली, तिची जागा खालीच हाय.” जमनाबाईंना विचारायला हवं, असं मी म्हटलं. तो म्हणाला, “तिला काय इचारायचा? मी खरा हाय याचा हा जिता पुरावा हाय. तो मी घरात नाय ठेवायचा तर काय तुमी ठेवाल?”

पहिली पायरी भाऊसाहेबांनी अशी धरली की मला ते वेडे झालेत असं वाटलं. जिची पोलिसांच्या नावानं गाळण उडते तिला, दुभाषा म्हणून तांडेलला आणि मला घेऊन ते थेट ठाणे शहरी, जिल्ह्याच्या पोलीस कचेरीतच निघाले. मी म्हटलं, “साहेब, तो म्हणतो तसं झालं तर?”

“गजानन, कायदा एवढाच आहे की परदेशी माणसानं आपली नोंद करावी आणि पत्ता बदलला तर कळवावं. तिची नोंद लपून राहावी हे त्याच्या सोयीचं आहे. तिच्या नाही. भीती अर्धवट माहितीवर वाढते. आपण पूर्ण माहिती घेऊन येऊ.”

ठाण्यापर्यंतचे तीन तास गाडीत ती मांडीवर गाठोडं घट्ट धरून बसली होती. तुरुंगात लागेल म्हणून तिनं त्यात एक चादर घेतली होती. कचेरीतल्या अधिकाऱ्यांनी एक फॉर्म पुढं केला. नोंदीला उशीर का, असं विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, “कागद नवऱ्याच्या पेटीत आहेत, आणि पेटीची किल्ली त्याच्या करगोट्याला.” अधिकाऱ्यांनी शेरा लिहिला. “सध्याचा पत्ता?” “दांडी.” तेही लिहिलं. शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली.

बाहेर पायरीवर तिनं तांडेलला काही विचारलं. तो आम्हाला म्हणाला, “ती इचारते, झाला?”

“झालं,” भाऊसाहेब म्हणाले.

ती तिथंच पायरीवर बसली. तीन वर्षं ज्याच्या धाकानं तिनं मार खाल्ला ते काम चहा निवायच्या आत उरकलं होतं. परतीच्या गाडीत ती त्या चादरीवर डोकं ठेवून पालघरपर्यंत झोपली.

मग पोटगीचा अर्ज दाखल केला. बायकोला सांभाळत नसलेल्या नवऱ्याकडून तिच्या पोटापाण्याची सोय करून घ्यायचा हा अर्ज. त्यावर दत्तारामानं जबाब दिला तो वाचून भाऊसाहेबांचीसुद्धा तपकीर सांडली. ही आपली बायकोच नव्हे. रंगूनहून दयेपोटी आणलेली मोलकरीण आहे!

मी म्हटलं, “साहेब, माझ्याकडे हा इसम ‘आमची मंडळी’ म्हणाला होता. मी साक्ष देतो.” पापाचा थोडा भार उतरेल असं मला वाटत होतं. भाऊसाहेब म्हणाले, “आमच्याच कारकुनाची साक्ष म्हणजे घरच्या म्हातारीनं पोरीचं रूप वाखाणणं. तू दुभाषा शोधून दिलास, तेवढं पुरे.”

तारखेच्या दिवशी कोर्ट गच्च भरलं होतं. बर्मी बाई पाहायला अर्धं पालघर आणि तांडेल खरा की खोटा हे पाहायला अख्खी दांडी आली होती. तांडेलला शपथ दिली. न्यायाधीशांनी बजावलं, ती बोलेल तेवढंच मराठीत सांगायचं.

भाऊसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, “तुम्ही घर का सोडलं?”

मा खिन दोन शब्द बोलली. तांडेल पुढं सरसावला. “सायेब, हा मानूस म्हंजे समुद्रातला खडक हाय, वरून दिसत नाय पन होडी फोडतो. यानं या पोरीला परक्या मुलखात आनली, कोंडली, तिला नीट जेवू नाय घातली, आनि हात तर असा भाजलाय की आमी कोली लोक माशालाबी येवढा नाय...”

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. “हे सगळं ती दोन शब्दांत बोलली?”

“नाय सायेब,” तांडेल ओशाळला. “येवढा मी माझ्या मनानं.”

“मग ती काय म्हणाली?”

तांडेलनं टोपी काढून हातात घेतली. “ती म्हनाली, मारतो.”

मागच्या बाकांवर हसू फुटलं होतं ते तिथंच विरलं. न्यायाधीशांनी तो एकच शब्द लिहून घेतला.

मग दत्ताराम पिंजऱ्यात आला. तोच इस्त्रीचा शर्ट. भाऊसाहेब अगदी मऊ आवाजात विचारू लागले. ते चिडले की ओरडत आणि जिंकत आले की कुजबुजत, त्यामुळे मी ताठ बसलो.

“ही बाई मोलकरीण?”

“होय.”

“रंगूनहून बोटीनं आलात. उतरल्यावर मदतीच्या छावणीत नावं नोंदवलीत. कोणी नोंदवली?”

“मीच.”

“किती माणसांची?”

“दोन.”

“बाईच्या नावापुढं नातं काय लिहिलंत?”

“आठवत नाही.”

“घाई नाही. मी मदत करतो. मोलकरीण असेल आणि ‘बायको’ लिहिलं असेल, तर परदेशी बाईला खोट्या नात्यानं देशात आणलीत. मग मी इथून उठतो आणि समोरच्या पोलीस चौकीत जातो. आणि ‘बायको’ खरंच असेल, तर मी इथंच बसतो आणि पोटगीचं बोलतो. मी उठू का बसू?”

दत्तारामानं आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकील पुस्तकात काही तरी शोधू लागले. ज्या कायद्याचा बागुलबुवा त्यानं तीन वर्षं बायकोला दाखवला, तो वळून त्याच्यापुढं येऊन उभा राहिला होता.

“बायको,” तो पुटपुटला.

“मोठ्यानं बोला,” न्यायाधीश म्हणाले.

“बायको!”

तांडेलला कोणी विचारलं नव्हतं, तरी त्यानं वाकून मा खिनला ते बर्मीत सांगितलं. हाताचं फडकं कधीच सुटलं होतं. तळव्यावरच्या डागावर अंगठा फिरवत ती समोर बघत राहिली. भाऊसाहेब बसले.

पोटगीचा हुकूम झाला. पेटी उघडून कागद द्यायला दत्तारामाला सांगितलं गेलं, तेही त्यानं दिले. त्याच्या गावाकडच्या मुलीच्या बापानं हुकुमाची बातमी ऐकून सोयरीक मोडली. ती बातमी तिकडं कशी पोचली हे मला विचारू नका. व्हरांड्यातल्या माणसानं तोंड बंद ठेवायचं असतं, हे मी शिकलो होतो. पण प्रत्येक नियमाला अपवाद असतो.

मा खिन दांडीतच राहिली. मासळी निवडायला, सुकवायला शिकली. त्या बदल्यात तिनं त्यांना आपल्या देशातली एक चीज करून दाखवली. बारीक कोलीम, म्हणजे जवळ्यासारखी इवली कोळंबी, मिठात कुटायची, उन्हात ठेवायची, पुन्हा कुटायची आणि मडक्यात महिनोन् महिने मुरवायची. मडकं उघडलं त्या दिवशी मी योगायोगानं तिथं होतो. दांडीच्या कोळणींनी नाकाला पदर लावलेला मी त्या एकाच दिवशी पाहिला. जमनाबाई म्हणाल्या, “बाय, आमी मासल्यात जन्मलो, पन हा काय हाय?” पुढच्या वर्षी त्याच बायका आमटीत घालायला वाटीभर मागून नेत होत्या. तांडेलची तर आळीतली पत फार वाढली. रंगूनची गोष्ट सांगायला लागला की लोक बसून ऐकायचे. त्यामुळे तो आणखी थापा मारू लागला.

इकडं भाऊसाहेबांनी तिच्या नागरिकत्वाचा अर्ज केला होता. भारतीयाची बायको म्हणून नोंदणी होऊ शकत होती, आणि ती बायको आहे हे तर आता खुद्द नवऱ्यानं कोर्टात ओरडून सांगितलं होतं. चौकशा झाल्या, कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. मी दर महिन्याला खेटे घालायचो. भाऊसाहेब म्हणायचे, “गजानन, तू या एका कामात एवढा वक्तशीर कसा?” उत्तर त्यांना ठाऊक होतं, म्हणून मी द्यायचो नाही. अडीच वर्षांनी दाखला आला. तिनं एकनिष्ठेची शपथ मराठीत म्हटली. ‘भारत’मधला ‘भ’ तिला काही जमला नाही. पण दांडीत तो अर्ध्या गावाला जमत नाही, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

आठवड्याभरानं ती कचेरीत आली. बरोबर तांडेल नव्हता. दुभाष्याची गरज संपून वर्ष झालं होतं. कोळणीसारखं लुगडं, केसांत अबोली. दाखला पिशवीतून काढून भाऊसाहेबांपुढं ठेवला आणि उभ्यानंच विचारलं, “भाऊसायेब, हा आता माझ्याकडून कोन काढून घेल?”

“कोणी नाही.”

“मी कोनाची बायको नाय ऱ्हायली, तरी?”

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “तरी नाही.”

“मंग मना त्याच्यापासून सोडवा.”

अडीच वर्षं ही गोष्ट तिनं मनात ठेवली होती आणि आम्हा दोघा कायदेपंडितांना त्याचा वासही लागला नव्हता. आम्ही आपले ती सुखी आहे म्हणून एकमेकांची पाठ थोपटत होतो. भाऊसाहेबांनी आठ्या घालायचा प्रयत्न केला, पण या वेळी त्यांना त्या जमल्या नाहीत. ‘नाही’ म्हणायचंही राहून गेलं.

मी कागद घेऊन अर्जाचा मथळा लिहायला बसलो. बाईच्या नावापुढं ‘अमक्याची पत्नी’ असं घालायची आमच्याकडे रीत. सवयीनं मी ‘मा खिन’ लिहिलं, स्वल्पविराम दिला आणि पुढं ‘दत्ताराम’चा ‘द’ काढला. ती टेबलावर वाकून बघत होती. मराठी अक्षरं तिला आता लागत होती. तिनं डाव्या हाताचं बोट माझ्या लेखणीवर ठेवलं.

“त्याचा नाव वर नको, गजामामा,” ती म्हणाली. “खाली लिव. सामनेवाल्याचे जागेवर.”